कळविण्यात येते की

परीक्षा विभागाच्या खिडक्या अशा उंचीवर असतात की आतल्या माणसाशी बोलायचं तर वाकावं लागतं. ती मुलगी वाकूनच बोलत होती. टीवायबीए, म्हणजे बीएचं तिसरं वर्ष, सेमिस्टर पाच, अर्थशास्त्राच्या पेपरात ६० पैकी २२. पास व्हायला हवे २४. रिव्हॅलचा, म्हणजे पेपर पुन्हा तपासून घेण्याचा फॉर्म भरायला ती तालुक्याच्या गावाहून पहाटेची एसटी पकडून आली होती. हातातल्या प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये निकालाची प्रिंट, आधारची झेरॉक्स आणि चार घड्या घातलेल्या नोटा. तारीख १६ जानेवारी. मुदत आदल्या दिवशी संपलेली. आतले गृहस्थ तिच्यावर डाफरले नाहीत, हे सांगायलाच हवं. त्यांनी कॉम्प्युटरचा पडदा थोडा तिच्याकडे वळवला आणि म्हणाले, "परिपत्रक काढलं होतं ताई, बघा, वेबसाइटवर आहे अजून." ती म्हणाली, "पण सर, मला कुणी कळवलंच नाही."

दोघंही खरं बोलत होते.

मनात अडकून बसतं ते हेच. एकजण खोटं बोलत असता तर प्रश्न सोपा झाला असता. विद्यापीठाच्या कारभारात परिपत्रक 'काढणं' हे एक पूर्ण काम आहे. काढलं की फाईल पुढे सरकते, जावक क्रमांक पडतो, जबाबदारी संपते. मुलीच्या बाजूनं मात्र काम सुरूच होतं ते 'कळण्या'पासून. काढणं आणि कळणं ही दोन क्रियापदं एकाच वाटेच्या दोन टोकांना उभी आहेत, आणि मधली वाट कुणाच्याच टेबलावर येत नाही.

ती वाट एकदा दिवसांत मोजून पाहण्यासारखी आहे. परिपत्रकावर तारीख होती ७ जानेवारी, बुधवार. पण ही तारीख टिपणी मंजूर झाल्याची. सहीसाठी कागद परीक्षा व मूल्यमापन मंडळाच्या संचालकांकडे गेला, परत आला, जावक नोंदवहीत चढला, स्कॅन झाला आणि वेबसाइटवर चढला शुक्रवारी, ९ तारखेला संध्याकाळी. त्याच वेळी कॉलेजांना ईमेल गेला. शनिवार-रविवारी तो कुणी उघडला नाही. सोमवारी, १२ तारखेला कॉलेजच्या कार्यालयात प्रिंट निघाली आणि प्राचार्यांच्या टेबलावर गेली. त्यावर शेरा पडला, 'नोटीस लावावी'. मंगळवारी दुपारनंतर ती काचेच्या बोर्डात लागली, आधीच्या तीन नोटिसांच्या वर, खालची टाचणी न लागल्यानं वळलेली. बुधवारी संक्रांत. गुरुवारी १५ तारीख. म्हणजे विद्यापीठाच्या कागदावर आठ दिवसांची मुदत होती आणि मुलीच्या हाती जेमतेम दोन दिवस, तेही ती त्या दोन दिवसांत कॉलेजला आली असती तर. सेमिस्टर संपल्यावर, निकाल लागल्यावर गावाकडची मुलं रोज कॉलेजला येत नाहीत. या साखळीत कुणी आळस केलेला नाही. प्रत्येकानं आपला कागद एका दिवसात, फार तर दोन दिवसांत पुढे ढकलला. तरीही मुदत खाल्ली गेली, कारण ती सहीच्या तारखेपासून मोजलेली होती. ती विद्यार्थ्याच्या फोनवर संदेश पोहोचल्याच्या दिवसापासून मोजली, तर या घोळातला मोठा भाग तिथंच संपतो.

या वाटेचं मूळ जुनं आहे. १८५७ साली मुंबई, कलकत्ता आणि मद्रास इथं विद्यापीठं निघाली ती लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर. शिकवायचं कॉलेजांनी, परीक्षा घ्यायची आणि पदवी द्यायची विद्यापीठानं. पुढे विद्यापीठं स्वतःही शिकवू लागली. पुण्याला १९४९ मध्ये, कोल्हापूरला १९६२ मध्ये, गडचिरोलीला २०११ मध्ये नवी विद्यापीठं आली. तरी संलग्न कॉलेजांतल्या मुलांशी असलेलं नातं मुळातल्यासारखंच राहिलं. विद्यापीठाचा पत्रव्यवहार प्राचार्यांशी होतो आणि मुलाची ओळख बैठक क्रमांकानं. म्हणून परिपत्रकाच्या डोक्यावर 'प्रति, मा. प्राचार्य, सर्व संलग्नित महाविद्यालये' असतं. ज्याच्या गुणांबद्दल, फीबद्दल, वर्षाबद्दल तो कागद आहे, त्याचा उल्लेख तिसऱ्या पुरुषी येतो. सावंतवाडीच्या मुलाचं विद्यापीठ मुंबईत, सुमारे ५०० किलोमीटरवर. नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगावच्या मुलीचं जळगावला. गोंडवाना विद्यापीठ स्वतंत्र झालं तरी सिरोंच्याहून गडचिरोली एसटीनं दिवसभराचं काम आहे. एवढ्या अंतरावरच्या मुलांशी थेट बोलण्याचं साधन १८५७ साली नव्हतं. आज ते प्रत्येकाच्या खिशात आहे, पण परिपत्रकाचा 'प्रति' बदललेला नाही.

आणि मग भाषा. 'उपरोक्त विषयान्वये सर्व संबंधितांस कळविण्यात येते की, हिवाळी सत्रातील परीक्षांच्या पुनर्मूल्यांकनाकरिता इच्छुक विद्यार्थ्यांची आवेदनपत्रे विहित मुदतीत विहित शुल्कासह सादर करण्यात यावीत. सबब, सदर बाब विद्यार्थ्यांच्या निदर्शनास आणून द्यावी.' अशी वाक्यं वाचून वाचून डोळे इतके सरावतात की त्यांत काय नाही हे लक्षातच येत नाही. कोणी करायचं हे नाही. कधीपर्यंत हे नाही, ते परिशिष्ट 'अ'मध्ये आहे. किती पैसे हे परिशिष्ट 'ब'मध्ये. 'कळविण्यात येते' या क्रियापदाला कर्ता नाही, त्यामुळे कोण कळवतंय हे कळत नाही आणि न कळल्यास कुणाला विचारायचं तेही. शिवाय मुलं ज्याला रिव्हॅल म्हणतात, फोनवर जे शोधतात, तो शब्द पानभर कुठंच नाही.

हाच मजकूर असा लिहिता येतो: 'तुम्ही नोव्हेंबरमध्ये टीवायबीए सेमिस्टर ५ ची परीक्षा दिली आहे. एखाद्या पेपरचं पुनर्मूल्यांकन, म्हणजे रिव्हॅल हवं असेल, तर १५ जानेवारी, गुरुवार, संध्याकाळी ५ पर्यंत तुमच्या लॉगिनमधून अर्ज करा. एका पेपरला २५० रुपये. आधी उत्तरपत्रिकेची फोटोकॉपी पाहायची असेल तर तीही याच पानावरून मागवता येते. कॉलेजमध्ये किंवा विद्यापीठात येण्याची गरज नाही.' यात शासकीय मराठीचा अपमान कुठंही होत नाही. नियमातली भाषा कायदेशीर कामासाठी तशीच ठेवावी आणि तिच्या वर हा मजकूर द्यावा. शेवटचं वाक्य सगळ्यात मोलाचं आहे. काय करायचं हे सूचनेत असतंच, पण काय करायची गरज नाही हे कुणी लिहीत नाही, आणि त्या एका न लिहिलेल्या ओळीपायी एसटीचं तिकीट आणि एक दिवसाची मजुरी खर्ची पडते, आणि पोरीच्या जिवाला घोर लागतो तो वेगळाच. फोटोकॉपीच्या ओळीबद्दलही तेच. आपली तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा विद्यार्थ्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयानं माहितीच्या अधिकाराखाली २०११ साली मान्य केला. तरी अजून कितीतरी मुलं आधी उत्तरपत्रिका पाहून मग ठरवता येतं हे माहीत नसल्यामुळे अंदाजानंच फी भरतात किंवा अंदाजानंच सोडून देतात.

थेट संदेश पाठवायचा तर एसएमएसला अजून तोड नाही. नेटपॅक संपलेला असला, डोंगरात एकच काडी रेंज असली, तरी तो पोहोचतो. पण त्याचं एक गणित आहे आणि ते माहीत नसल्यामुळे मराठी मागे पडते. रोमन लिपीतल्या एका एसएमएसमध्ये १६० अक्षरं मावतात, देवनागरीत फक्त ७०. त्यात काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, अर्ध्या अक्षराचा हलंत, सगळं वेगवेगळं मोजलं जातं. 'विद्यार्थ्यांनो' हा शब्द डोळ्याला चार अक्षरांचा दिसतो, फोनच्या हिशेबात तो १५ खातो. म्हणजे नुसत्या संबोधनात पाचवा हिस्सा गेला. ७० च्या पुढे गेलं की संदेशाचे तुकडे पडतात, प्रत्येक तुकड्यात ६७ च उरतात आणि प्रत्येक तुकड्याचे पैसे लागतात. लाखभर मुलांना पाठवायचं म्हटल्यावर लेखा विभाग विचारतो, इंग्रजीत का नाही? उत्तर आहे, काटकसरीनं लिहिलं तर मराठीतही मावतं. 'बीए सेम ५: रिव्हॅल अर्ज १५ जाने.पर्यंत. लॉगिन करून भरा. फी २५० रु.' हे मोकळ्या जागा आणि टिंबं धरून ६६ होतात. कोणासाठी, काय, कधीपर्यंत, कुठं, किती, सगळं आलं. मात्र असे संदेश आयत्या वेळी पाठवता येत नाहीत. ट्रायच्या, म्हणजे दूरसंचार नियामकाच्या नियमांमुळे मजकुराचा साचा आधी नोंदवून मंजूर करून घ्यावा लागतो आणि मंजुरी येईपर्यंत वेळ जातो. तारीख, वर्ग, रक्कम यांच्या जागा रिकाम्या ठेवून परीक्षा फॉर्म, हॉल तिकीट, निकाल, रिव्हॅल, वेळापत्रकातला बदल असे आठ-दहा साचे जूनमध्येच नोंदवून ठेवले, तर वर्षभर पुरतात.

आता हे पाठवायचं कुठल्या नंबरवर? इथं बऱ्याच चांगल्या योजना कोसळतात. विद्यापीठाकडे असलेला नंबर प्रवेशाच्या वेळचा असतो. तो कधी वडिलांचा, कधी मोठ्या भावाचा, आणि अनेकदा ज्या सायबर कॅफेत फॉर्म भरला त्या कॅफेवाल्याचा असतो, कारण ओटीपी पटकन मिळावा म्हणून त्यानं स्वतःचाच टाकलेला असतो. तीन वर्षांत मुलगी दोनदा सिम बदलते. रिचार्ज न केलेला जुना नंबर काही महिन्यांनी बंद होतो आणि पुढे दुसऱ्याच कुणाला मिळतो. मग विद्यापीठाची यादी म्हणते 'पाठवला', कंपनीचा अहवाल म्हणतो 'पोहोचला', आणि तो पोहोचलेला असतो तिसऱ्याच गावच्या एका शेतकऱ्याला. उपाय महागडा नाही. परीक्षा फॉर्म प्रत्येक मुलाला सेमिस्टरला एकदा भरावाच लागतो. त्याच फॉर्मच्या पहिल्या पानावर 'हा नंबर अजून तुमच्याकडेच आहे का?' असं विचारून ओटीपीनं खात्री करून घ्यायची, आणि घरच्या माणसाचा दुसरा नंबर वेगळ्या रकान्यात मागायचा. वर्षातून दोनदा यादी आपोआप ताजी होते.

प्रत्यक्षात सगळं चालतं ते व्हॉट्सअॅपवर. वर्गाचा सीआर, म्हणजे वर्गप्रतिनिधी, त्याचा ग्रुप, त्यावर आलेला तिरक्या कोनातून काढलेला नोटिशीचा फोटो, त्यावर कुणाचा तरी अंगठा. ही मुलं एकमेकांना सांभाळून घेतात आणि या साखळीमुळे कितीकांची वर्षं वाचली असतील. पण तिच्यावर विद्यापीठानं विसंबून राहणं बरोबर नाही. ग्रुपमध्ये नसलेला मुलगा बहुधा तोच असतो ज्याला सूचनेची सर्वांत जास्त गरज आहे. केटी (एटीकेटी) लागलेला, म्हणजे मागचा विषय राहिलेला, वर्ष गॅप पडलेला, लग्न होऊन दुसऱ्या गावी गेलेली, बाहेरून परीक्षा देणारी. काही प्राध्यापक ब्रॉडकास्ट लिस्ट वापरतात, पण त्यातला संदेश तुमचा नंबर ज्यांनी सेव्ह केलेला आहे त्यांनाच जातो, बाकीच्यांना गेला नाही हे तुम्हाला कळतही नाही. आणि पावसाळ्यात 'उद्याचा पेपर पुढे ढकलला' असं लेटरहेडसकट बनवलेलं खोटं पत्र याच वाटेनं रात्रीत जिल्हाभर फिरतं. ते खोटं आहे असं ओरडून उपयोग नसतो. खरं पत्र कुठं पाहायचं ती एकच, कधीही न बदलणारी जागा मुलांना पहिल्या दिवसापासून पाठ झालेली हवी, आणि प्रत्येक सूचनेवर क्रमांक हवा, तो टाकला की मूळ मजकूर समोर यावा. खरंच पेपर पुढे ढकलला असेल तेव्हा 'बाकीचे पेपर ठरल्याप्रमाणेच होतील' ही ओळ विसरू नये. ती नसली की रात्रभर फोन वाजत राहतात.

वेबसाइटवर टाकलेली पीडीएफ हा आणखी एक अडथळा आहे, आणि तो बऱ्याच जणांना दिसतच नाही. सही केलेला कागद स्कॅन करून चढवला की तो कागदाचा फोटो होतो. त्यात 'अर्थशास्त्र' शोधलं तर सापडत नाही. स्कॅन न करता टाइप केलेली फाईल असली तरी ती जुन्या, युनिकोड (सगळ्या यंत्रांना सारखीच कळणारी अक्षरपद्धती) नसलेल्या फॉन्टमध्ये असेल तर मजकूर कॉपी केल्यावर चिन्हांचा चुरा हाती येतो. दृष्टिहीन विद्यार्थ्याचं स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, अशा पानावर गप्प बसतं किंवा ती चिन्हं एकेक करून उच्चारतं. ब्रेल शिकून, लेखनिक शोधून पदवीपर्यंत आलेल्या मुलाला परीक्षेची तारीख मात्र शेजारच्याकडून ऐकावी लागते. युनिकोडमध्ये टाइप केलेला मजकूर पानावर थेट ठेवायचा आणि सही असलेला स्कॅन खाली जोडायचा, एवढंच लागतं. जास्तीची पाच मिनिटं.

शुद्धिपत्रकांबद्दलही बोलायला हवं. 'या कार्यालयाच्या समक्रमांकी परिपत्रकातील मुद्दा क्र. ४ मध्ये दि. १२ ऐवजी दि. १४ असे वाचावे. उर्वरित मजकूर कायम.' मुद्दा क्रमांक चार काय होता, हे पाहायला मूळ परिपत्रक शोधावं लागतं, आणि ते वेबसाइटवर जुन्याच तारखेसह, कुठलीही खूण न करता उभं असतं. गूगलवर शोधलं तर बहुतेक वेळा तेच आधी येतं. जुन्या पानावरच लाल अक्षरांत 'तारीख बदलली आहे, नवी तारीख १४' असं लिहिणं हे शुद्धिपत्रक काढण्यापेक्षा जास्त महत्त्वाचं काम आहे.

सर्वांत जड असतं ते न बोलणं.

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ सांगतो की परीक्षा संपल्यापासून ३० दिवसांत निकाल लावण्याचा प्रयत्न करावा आणि काही झालं तरी ४५ दिवसांच्या आत लावावा. कधीकधी ते होत नाही. २०१७ च्या उन्हाळ्यात मुंबई विद्यापीठात सगळ्या उत्तरपत्रिका एकदम संगणकावर तपासायचं ठरलं आणि निकाल कितीतरी रखडले, कुलगुरूंना पद सोडावं लागलं, हे सगळ्यांना आठवत असेल. अशा वेळी मुलांना उशीर जितका छळतो तितकंच छळतं दर आठवड्याला नवी तारीख ऐकणं, किंवा काहीच न ऐकणं. पुढच्या प्रवेशाची यादी लागत असते, नोकरीवाले मार्कशीट मागत असतात. 'तुमच्या विषयाच्या इतक्या उत्तरपत्रिका तपासून झाल्या, इतक्या बाकी आहेत, पुढची माहिती शुक्रवारी चार वाजता देऊ' एवढं लिहायला निकाल तयार असावा लागत नाही. आणि शुक्रवारी चार वाजता, सांगण्यासारखं नवीन काही नसलं तरी, ते नाही असं सांगायचं. निकालाच्या पानावर 'राखीव', म्हणजे निकाल रोखून ठेवलेला, असा शिक्का येतो तेव्हाही असंच. राखीव का? पात्रता प्रमाणपत्र आलेलं नाही, मागच्या सेमिस्टरचे गुण जुळले नाहीत, कॉलेजनं अंतर्गत गुण भरले नाहीत, की बैठक क्रमांकाचा गोल चुकीचा काळा केल्यामुळे पेपरला गैरहजेरी लागली? यातलं काही कॉलेजनं सोडवायचं असतं, काही विद्यापीठानं. कारण परीक्षा विभागाच्या कॉम्प्युटरला बहुतेक वेळा माहीत असतं, फक्त मुलाच्या पडद्यावर ते छापलं जात नाही. मग मूल आठ तास प्रवास करून येतं आणि खिडकीत कळतं की काम त्याच्याच गावच्या कॉलेजमध्ये अडलंय.

ऐकण्याची सोय नियमात आहे. विद्यार्थ्यांच्या तक्रारींसाठी यूजीसीनं, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगानं २०२३ मध्ये केलेल्या विनियमांप्रमाणे प्रत्येक संस्थेत निवारण समिती हवी, तिनं १५ कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायला हवा, वर अपील ऐकणारा लोकपाल हवा, आणि माहितीपुस्तिका प्रवेश सुरू होण्याच्या ६० दिवस आधी उपलब्ध हवी. पण तक्रार ही शेवटची पायरी झाली. त्याच्या कितीतरी आधी खिडकीवर आणि फोनवर प्रश्न येत असतात, आणि ते कुणी लिहून ठेवत नाही. सूचना निघाल्यावर पहिल्या दिवशी आलेले वीस प्रश्न एका वहीत नोंदवले, तर त्यातले बारा-तेरा एकसारखेच निघतात. पैसे कापले गेले पण फॉर्म अपूर्ण दाखवतोय, पुन्हा भरू का? एटीकेटीवाल्यांनी हाच फॉर्म भरायचा की वेगळा? नाव मार्कशीटवर आणि आधारवर वेगळं आहे, चालेल का? त्याच संध्याकाळी ही उत्तरं सूचनेत घातली की दुसऱ्या दिवशी रांग लहान होते. त्याहूनही बरं म्हणजे सूचना काढण्याआधी आवारातल्या पाच मुलांना वाचायला द्यायची आणि विचारायचं, तुला आता काय करायचंय, कधीपर्यंत? दोघं जरी अडखळले तरी मसुदा परत टेबलावर घ्यायचा. आणि शेवटची तारीख रविवारी रात्री बारा ही ठेवू नये. सर्व्हर त्याच वेळी बसतो आणि मदतीच्या फोनवर कुणी नसतं. आठवड्यातला मधला दिवस, संध्याकाळी पाच, म्हणजे अडलेल्याला विचारायला समोर माणूस असतो.

खिडकीपाशी त्या मुलीला अखेर एक वाट सांगण्यात आली. अर्ज लिहून द्या, विलंब माफीसाठी वर पाठवतो. बाहेरच्या झेरॉक्सच्या दुकानातून तिनं दोन रुपयांचा फुलस्केप आणला आणि भिंतीला टेकवून लिहायला घेतला. प्रति, मा. संचालक. विषय. महोदय. वरील विषयास अनुसरून विनंतीपूर्वक अर्ज करते की. शाळेत शिकवलेलं सगळं जागच्या जागी. परिपत्रकात तिला कुणी संबोधलं नव्हतं, पण तिच्या अर्जात नमस्कार होता, पूर्ण नाव होतं, आईचं नाव होतं, बैठक क्रमांक होता, 'आपली विश्वासू विद्यार्थिनी' होतं आणि सही होती. आवकचा शिक्का पडला. कागद फाईलमध्ये जाता जाता दिसलं, सहीच्या खाली, कुणी मागितला नसताना, तिनं आपला मोबाइल नंबर लिहिला होता, दहाही आकडे सुटे सुटे, नीट वाचता यावेत असे, आणि त्याच्या खाली आणखी एक, कंसात लिहिलेलं, 'वडिलांचा, हा लागला नाही तर'.